विचार करायला दहा दिवस

‘‘पंचवीस वर्षं? अगं, तेव्हा मी त्र्याण्णव वर्षांचा असेन!’’ बाबा म्हणाले आणि हसले.

आई हसली नाही. तिने माझ्या हातातली चकचकीत फाईल घेतली, तिच्यावरचा समुद्राचा फोटो पाहिला आणि विचारलं, ‘‘किती भरलेस?’’

मी आकडा सांगितला नाही. ‘‘अजून पक्कं नाही गं, बघू,’’ एवढंच म्हणाले. खरं तर आदल्या दिवशीच मी सही करून आणि कार्ड स्वाइप करून आले होते.

झालं असं की, पुण्यातल्या एका मॉलमध्ये मी लकी ड्रॉचं कूपन भरलं होतं. तीन आठवड्यांनी फोन आला. दोन रात्रींचं गिफ्ट व्हाउचर लागलंय, फक्त नव्वद मिनिटांचं प्रेझेंटेशन ऐकायला या, पण नवरा-बायको दोघंही हवेत. आम्ही गेलो. नव्वद मिनिटांचे साडेतीन तास झाले. समोर बसलेला मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. बोलायला गोड, बोलण्यात सांगलीकडचा हेल. त्याने गोव्याचे, मुन्नारचे, मनालीचे फोटो दाखवले. मी मनातल्या मनात उठायची तयारी करत होते, तेवढ्यात त्याने विचारलं, ‘‘मॅडम, आईबाबांना शेवटचं फिरायला कधी नेलंत?’’

तिथेच मी बसले ती बसलेच.

बाबा बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. एसटीचा पास असायचा, त्यामुळे प्रवासाचा प्रश्न नव्हता. प्रश्न राहण्याचा होता. म्हणून आमच्या सगळ्या सुट्ट्या नातेवाइकांकडे गेल्या. मामाकडे, आत्याकडे, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बाराव्याला. ज्याला हॉटेल म्हणतात तिथे आईने आयुष्यात एकही रात्र काढलेली नाही.

किंमत होती ३,६०,००० रुपये. दरवर्षी सात रात्री, पंचवीस वर्षं. हा भाव ‘फक्त आज’. ५४,००० रुपये लगेच, बाकीचे ३६ हप्त्यांत. रात्री घरी येऊन चौदा पानांचा करार पहिल्यांदा नीट वाचला. त्यात एक कलम सापडलं. सही केल्यापासून दहा दिवसांत लेखी कळवलं तर करार रद्द आणि पैसे परत. दहा दिवसांनंतर मात्र कपात, आणि ती वर्षागणिक वाढत जाणारी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. काही अडलं की मागे जाऊन बघायची खोड आहे. हे पंचवीस वर्षांचे सात-सात दिवस विकायची कल्पना मुळात आली कुठून, हे शोधत मी पुढचे काही दिवस काढले. कंपनीचं नाव इथे सांगत नाही. पुढे इतिहासात ज्या कंपन्यांची नावं येतील त्यांपैकी ती नाही.

बर्फातलं हॉटेल

गोष्ट सुरू होते युरोपात, १९६०च्या दशकात. महायुद्धातून सावरलेल्या युरोपात पगार वाढले होते आणि भरपगारी रजा हा कामगारांचा हक्क झाला होता. सुट्टीचं घर मात्र श्रीमंतांनाच परवडायचं. १९६३मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची कंपनी निघाली. लोकांनी तिचे शेअर घ्यायचे, त्या पैशांतून कंपनीने ठिकठिकाणी सुट्टीची घरं घ्यायची आणि भागधारकांनी ती आळीपाळीने वापरायची. एक प्रकारची सुट्टीची भिशीच.

चार वर्षांनी, १९६७मध्ये, फ्रान्सच्या आल्प्समधल्या सुपरदेवोली या स्कीइंगच्या गावात हीच कल्पना थोड्या वेगळ्या रूपात आली. दर हंगामात खोली मिळेल की नाही याची काळजी करण्यापेक्षा खोलीवरचा ठरावीक काळाचा हक्कच विकत घ्या, असं गिऱ्हाइकांना सांगितलं गेलं. बर्फाचा हंगाम छोटा, खोल्या कमी, गर्दी फार. दरवर्षी तिथेच स्कीइंगला जाणाऱ्या माणसासाठी हा सौदा वाईट नव्हता.

हे वाचून मला जरा बरं वाटलं. म्हणजे ही कल्पना मुळात फसवणुकीची नव्हती. एका खऱ्या अडचणीवरचा तो उपाय होता. फक्त ती अडचण माझी होती का, हा प्रश्न उरला.

एका फ्लॅटचे बावन्न तुकडे

कल्पना अटलांटिक ओलांडून गेली आणि बदलली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात किनाऱ्यालगत भराभर इमारती उभ्या राहिल्या होत्या. १९७३चं तेलसंकट आलं, मंदी आली आणि हजारो फ्लॅट विक्रीविना पडून राहिले. अख्खा फ्लॅट घ्यायला कुणी तयार नव्हतं. मग बिल्डरांनी फ्लॅटऐवजी वर्ष विकायला काढलं.

उदाहरणादाखल आपल्या रुपयांत गणित मांडू. ५० लाखांचा फ्लॅट विकला जात नाही. दोन आठवडे दुरुस्तीला बाजूला ठेवून उरलेले ५० आठवडे प्रत्येकी दोन लाखांना विकले तर होतात एक कोटी. शिवाय देखभालीचा खर्च दरवर्षी पन्नास जणांकडून वेगळा घ्यायचा. तुकडे जोडून होणारी किंमत मूळ वस्तूपेक्षा दुप्पट!

या वरच्या पैशाचा मोठा वाटा विक्रीवरच खर्च होतो, कारण ही वस्तू शोधत कुणी दुकानात येत नाही. गिऱ्हाइकाला आणावं लागतं. फुकट जेवण, व्हाउचर, लकी ड्रॉ, कमिशनवर काम करणारी मुलं, हे सगळं त्या किमतीतच धरलेलं असतं. मला लागलेलं गिफ्ट व्हाउचर म्हणजे माझ्याच पैशांनी मला दिलेली भेट होती.

एक अडचण अजून होती. दरवर्षी त्याच गावी, त्याच आठवड्यात कोण जाणार? १९७४मध्ये इंडियानापोलिसच्या जॉन आणि क्रिस्टल डीहान या दांपत्याने आरसीआय ही कंपनी काढली. तुमचा आठवडा आमच्याकडे जमा करा आणि त्याबदल्यात दुसरीकडचा कुणाचा तरी घ्या, अशी ही अदलाबदल. दोन वर्षांनी इंटरव्हल इंटरनॅशनल ही स्पर्धक आली. तेव्हापासून विक्रेत्यांना जगाचा नकाशा भिंतीवर लावता आला. शनिवारी माझ्यासमोर जो नकाशा होता, त्याचं मूळ हे.

१९८०च्या दशकात मॅरियट आणि १९९१मध्ये डिस्ने यांसारखी मोठी नावं या धंद्यात उतरली, आणि त्याला प्रतिष्ठा आली. पण एक गोष्ट बदलली नाही. घेतलेला आठवडा परत विकायला गेलं की भाव मिळत नाही. अमेरिकेत लाखो रुपयांना घेतलेले आठवडे एका डॉलरला विकायला काढलेले दिसतात. घेणाऱ्याला पुढची वार्षिक फी भरावी लागणार असते, म्हणून फुकटही कुणी घेत नाही. गंमत म्हणजे तिथल्या अनेकांच्या नावावर निदान खरेदीखत असतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ठरावीक वर्षांसाठी फक्त वापराचा हक्क मिळतो. तो मुलगा मात्र साडेतीन तास ‘मालकी’ हाच शब्द वापरत होता.

आपल्याकडे

भारतात हा धंदा १९८०च्या दशकाच्या मध्याला आला. स्टर्लिंगची सुरुवात १९८६मध्ये चेन्नईत झाली. महिंद्र समूहाची कंपनी १९९६मध्ये आली. मधल्या काळात, १९९१मध्ये, अर्थव्यवस्था खुली झाली आणि पगारदार मध्यमवर्गाच्या हातात थोडा जास्त पैसा खेळू लागला. त्याआधी मराठी मध्यमवर्गाची सुट्टी म्हणजे एलटीसी, बँकेचं किंवा कंपनीचं हॉलिडे होम, एखाद्या समाजाचं सॅनेटोरियम, देवस्थानाचं भक्तनिवास, नाहीतर मामाचं गाव. हॉटेलात राहून सुट्टी घालवणं ही नवी हौस होती आणि हौसेला हप्त्यांची सोय झाली होती.

महाराष्ट्रात या इतिहासाला एक काळी किनारही आहे. मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज ही कंपनी हॉटेलांतल्या रात्री विकायची. योजना अशी होती की रात्री वापरल्या नाहीत तरी मुदत संपल्यावर वाढीव रक्कम मिळेल. अर्थातच लोकांनी ती फिरण्यासाठी घेतली नाही, बचत म्हणून घेतली. सेबीने या योजना म्हणजे परवानगीशिवाय चालवलेली सामूहिक गुंतवणूक आहे असं ठरवलं आणि फेब्रुवारी २०१६मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. रक्कम होती ७,००० कोटींहून जास्त आणि गुंतवणूकदार ५० लाखांहून अधिक.

माझी कंपनी तसली नव्हती. तिने पैसे वाढवून द्यायचं वचन दिलेलं नव्हतं, तिची रिसॉर्ट खरोखर उभी होती. तरी हे प्रकरण वाचताना एक गोष्ट टोचली. सही करताना माझ्याही मनात कुठेतरी ‘पैसे गुंतवले’ हा शब्द होता. सुट्टीवर पैसे उडवले असं म्हणायला आपल्याला अपराधी वाटतं. गुंतवले म्हटलं की ते शहाणपण ठरतं.

थांबण्याचा हक्क

आता त्या दहा दिवसांकडे येते. हे दिवस आले कुठून?

सही केल्यावर माघार घेण्याची मुभा ही कल्पना टाइमशेअरहून जुनी आहे, पण फार जुनी नाही. करार म्हणजे करार, हाच पूर्वीचा दंडक. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांनी त्याला तडा दिला. घरात येऊन, सोफ्यावर बसून, तासन् तास बोलून घेतलेली सही खरोखर मनापासूनची असते का, असा प्रश्न निघाला. ब्रिटनने १९६४च्या कायद्यात घरी येऊन केलेल्या हप्तेबंद विक्रीसाठी चार दिवसांची मुदत दिली. अमेरिकेत १९७०च्या दशकात दारोदार विक्रीसाठी तीन दिवसांचा नियम झाला.

टाइमशेअरच्या तक्रारी वाढल्या, तशी ही मुदतही वाढली. ब्रिटनने १९९२मध्ये खास टाइमशेअरसाठी कायदा करून १४ दिवस दिले. युरोपीय संघाने १९९४मध्ये किमान १० दिवस ठरवले आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घेण्यावर बंदी घातली. २००८मध्ये ते १० दिवस १४ झाले. फ्लोरिडाच्या कायद्यात आज १० दिवस आहेत, आणि ‘मला हा हक्क नको’ असं ग्राहकाने लिहून दिलं तरी तो हक्क जात नाही.

तीन, चार, दहा, चौदा. ही नुसती संख्यांची यादी नाही. ज्या विक्रीत गिऱ्हाइकाला मुद्दाम विचार करू दिला जात नाही, तिथे विचाराचा वेळ नंतर भरून द्यावा लागतो, हे हळूहळू मान्य होत गेल्याची ती नोंद आहे.

आपल्याकडे विमा पॉलिसीसाठी अशी मुदत आहे. २००२च्या नियमांपासून १५ दिवस होते, २०२४पासून ३० झाले. टाइमशेअरसाठी मात्र वेगळा कायदाच नाही. म्हणजे माझे दहा दिवस मला कायद्याने दिलेले नव्हते. कंपनीने करारात लिहिले होते म्हणून होते. लिहिले नसते तर?

तर मार्ग लांबचा होता, पण बंद नव्हता. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही कल्पना आहे. कराराचा भंग झाल्यावर प्रत्यक्ष नुकसानाच्या मानाने भलतीच मोठी दंडवसुली करणारी अट तिच्यात बसू शकते. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ही वाजवी भरपाईपुरतंच बोलतं. ग्राहक आयोगाकडे साधारण दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पहिलं पाऊल म्हणून १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे. दहा दिवस उलटून गेलेल्या वाचकांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

हिशोब

सहाव्या दिवशी रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. नवऱ्याचं म्हणणं होतं, ‘‘चोपन्न हजार गेलेत, आता मागे कशाला फिरायचं?’’

ही भावना फार ओळखीची आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांचा १९८५चा एक अभ्यास आहे. त्यांनी लोकांना कल्पना करायला सांगितली की तुम्ही स्कीइंगच्या दोन सहलींची तिकिटं काढली आहेत. एक १०० डॉलरची, दुसरी ५० डॉलरची, पण जास्त मजा ५० डॉलरवालीत येणार आहे. दोन्ही एकाच शनिवार-रविवारी आल्या, तर कुठे जाल? निम्म्याहून अधिक लोकांनी महागडी, कमी मजेची सहल निवडली. पैसे दोन्हीकडचे गेलेलेच होते. तरी जास्त पैसे जिथे बुडाले, तिकडे पाय ओढले गेले.

म्हणून आम्ही ५४,००० बाजूला ठेवले आणि फक्त पुढचं लिहिलं.

३,६०,००० रुपये मुदत ठेवीत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २५,२०० व्याज. वार्षिक फी करासकट १६,०००. म्हणजे सात रात्रींसाठी वर्षाला ४१,२०० रुपये, रात्रीला साधारण ५,९००. एवढ्या पैशांत दरवर्षी हवं तिथे, हवं तेव्हा राहता येईल, आणि मुद्दल आपल्याच खात्यात राहील. शिवाय फी दरवर्षी वाढणार असं करारात होतं. सहा टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत दुप्पट होते, आणि पंचवीस वर्षांची फी मिळून पावणेनऊ लाखांच्या आसपास जाते. हॉटेलंही महागतील, हे खरं. पण हॉटेल महागलं तर मी एखाद वर्षी जाणार नाही. फी मात्र न जाताही भरावीच लागणार.

मग करारातला रंग पाहिला. या कंपन्या वर्षाचे हंगाम पाडतात आणि त्यांना रंग देतात. मी घेतला होता तो खालून दुसरा, स्वस्तातला. त्यात मे महिना नव्हता, दिवाळी नव्हती. मी शिक्षिका आहे. मला सुट्टी मिळते ती मे महिन्यात आणि दिवाळीत.

तिथे वही मिटली. ज्यांना शाळेच्या सुट्टीचं बंधन नाही, चार-पाच महिने आधी ठरवता येतं, दरवर्षी न चुकता फिरणं होतं, अशा कुटुंबांना ही योजना जमते. तशी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांच्यात आम्ही बसत नव्हतो.

तरी पत्र लिहायला हात उचलेना. पैशांचा हिशोब स्पष्ट होता. पण रद्द केलं तर आईबाबांना फिरवायचं पुन्हा राहून जाईल, ही भीती होती. पंचवीस वर्षांचा करार हे मी स्वतःलाच घातलेलं बंधन होतं. एवढे पैसे भरले की जावंच लागेल, असं. जे प्रेमाने आपणहून करायला हवं होतं, त्याची सक्ती मी साडेतीन लाखांना विकत घेत होते.

आठव्या दिवशी ईमेल केला आणि त्याची प्रत स्पीड पोस्टाने पाठवली. करार क्रमांक, तारीख, कलम आणि एकच वाक्य : मी हा करार रद्द करत आहे. कारण दिलं नाही, कारण कलमात कारण मागितलेलं नव्हतं.

तासाभरात त्या मुलाचा फोन आला. ‘‘मॅडम, काय चुकलं का माझं?’’ त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याचा इन्सेन्टिव्ह कापला जाणार होता, हे त्याने सांगितलं नाही, मी ओळखलं. संध्याकाळी त्याच्या मॅनेजरचा फोन. तीस हजार कमी करतो, वर दोन रात्री फुकट. शनिवारी जो भाव ‘फक्त आज’ होता, तो आठव्या दिवशी त्याहून खाली आला होता. माझ्या मनात काही किंतु उरला असेल तर तो त्या फोनने गेला.

पैसे परत यायला दीड महिना लागला, तीन स्मरणपत्रं लागली. पण आले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं गणपतीपुळ्याला गेलो. एमटीडीसीच्या खोल्या, तीन रात्री, फोनवर बुक केलेल्या. पहिल्या सकाळी आईने अंथरूण घडी करून ठेवलं आणि खोली झाडायला केरसुणी शोधू लागली. बाबा म्हणाले, ‘‘अगं, ते लोक करतात.’’ ती थोडा वेळ अवघडून खुर्चीवर बसली. मग चहा घेऊन बाहेर गेली आणि समुद्राकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिली.

निघताना बाबांनी विचारलं, ‘‘पुढच्या वर्षी कुठे?’’

‘‘पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू,’’ मी म्हणाले. गाडीत बसल्यावर मात्र फोनमध्ये तारखा शोधायला लागले.